सव्वीस वर्षं चाललेल्या मशीनची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, निवृत्त ग्रंथपाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नाही. मी आजवर कोणाचं ऐकलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. बाकीच्या अवयवांबद्दल त्यांनी काही लिहून दिलेलं नाही. याआधीच्या मृत्युपत्रात मी घर पुतण्याला दिलं होतं. ते मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझी पुस्तकं वाचनालयाला द्यावीत. समासातल्या माझ्या टिपा खोडू नयेत.

२. भाषणांच्या एकोणीस वह्या रद्दीत घालाव्यात. तीस वर्षं मी एकच गोष्ट सांगत फिरले: वस्तू टाकू नका, दुरुस्त करा. ज्यांना वस्तू सहज टाकता येतात त्यांना माणसंही सहज टाकता येतात. हे मला आजही पटतं. प्रत्येक सभेत मी आमच्या कपडे धुण्याच्या मशीनचा दाखला देत असे. पंधरा वर्षं झाली, वीस झाली, सव्वीस झाली, अजून चालतंय. इथे टाळ्या पडत.

३. माझ्या नवऱ्याची हत्यारांची पेटी खालच्या रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्यांना मी आधीच देऊन टाकली आहे, ती या वाटणीत धरू नये. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी ते मशीन उघडून पाहिलं आणि सांगितलं की ड्रायरची स्प्रिंग गेली, सांगाडा गंजला, आता नवीन घ्या. पुढच्याच सभेत मी व्यासपीठावरून त्यांना कंपन्यांचा दलाल म्हटलं. बरीच गिऱ्हाइकं तुटली त्यांची. ते खरं बोलले होते. मी त्यांची माफी मागते.

४. त्यानंतर मशीन कसं चाललं ते इथे नोंदवते. ड्रायर फिरू लागला की ते उड्या मारत भिंतीवर जाऊन आदळायचं. झाकण उचललं जायचं आणि सगळं बंद पडायचं. तेव्हापासून वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, ड्रायर लावला की त्यावर चढून बसू लागल्या. पाय स्टुलावर, हात कडेला घट्ट. सात मिनिटं, एक दिवसाआड, अकरा वर्षं. मी जाता-येता पाहत होते. भाषणात ते कधी आलं नाही. मला ते मशीनचाच एक भाग वाटत असावं.

गेल्या महिन्यात आजारपणामुळे मी पहिल्यांदा दिवसभर घरात होते. वन्सं मशीनवर बसल्या होत्या. मी म्हटलं, तेवढ्या वेळात पेपर तरी वाचत जा. त्या म्हणाल्या, अक्षरं हलतात. मग मी विचारलं, घर पुतण्याकडे गेल्यावर तुमचं काय ठरलंय? त्याने म्हणे त्यांना सांगून ठेवलं होतं की आत्या, तू राहा, हे मशीन तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही.

"माझं काय, वहिनी," त्या म्हणाल्या, "हे चालतंय तोवर मी आहे."

"आणि बंद पडलं की?"

"मग मला कोण ठेवेल?"

त्या हसत होत्या की नाही, नक्की सांगता येत नाही. बसल्या जागी त्यांचे गाल हलत होते. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी आत जाऊन गोळी घेतली.

५. माझं राहतं घर वन्संना द्यावं, पूर्ण मालकी हक्काने. त्यांनी ते विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप लावून हिंडायला जावं. बँकेत असेल तेही त्यांचंच. हे घर त्यांना कोणत्याही कामाच्या बदल्यात दिलेलं नाही, आणि त्यात राहण्यासाठी त्यांना कोणतंही काम करावं लागणार नाही. हे वाक्य वकिलांना अनावश्यक वाटलं. ते राहील.

६. पुतण्याला पुढील वस्तू द्याव्यात: फ्रिज, ज्याचं दार कमरेच्या पट्ट्याने बांधावं लागतं, इस्त्री, जी वायर डाव्या हाताने उंच धरली तरच तापते, आणि मिक्सर. आठ दिवसांत न्याव्यात. माझ्या प्रत्येक सभेला तो पहिल्या रांगेत बसायचा, त्यामुळे टाकून देणार नाही असं गृहीत धरते. मशीन भंगारात द्यावं.

७. घर वन्संना दिल्यामुळे साक्षीदार म्हणून त्यांची सही घेऊ नये, असा वकिलांचा सल्ला होता. इतक्या वर्षांत त्यांच्याइतकं मला कोणी पाहिलेलं नाही, पण घेतलेली नाही.

८. दोन्ही साक्षीदार आले तेव्हा ड्रायर चालू होता आणि टेबल थरथरत होतं. मी जाऊन बटण बंद केलं, वन्संना खाली उतरवलं आणि हा कागद सर्वांसमोर वाचला. पाचवं कलम दोनदा वाचलं. वन्संनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "कपडे ओलेच आहेत. बसू का परत?"

मी मशीनचा प्लग काढला. ते इथे नोंदवून सही करते.

(सही) लिहून देणार

साक्षीदार:
(सही) दुरुस्तीवाले, खालचा रस्ता
(सही) शेजारच्या शिंपीणबाई

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च, मंगळवार, सकाळचे अकरा