सत्तर श्वासांचा पुडा

७ फेब्रु. ८६, शुक्र.
डावा हात कोपरापर्यंत सुजला. मंगळवारची बाटली. पाठ अवघडली म्हणून कड बदलली, सुई सरकली अन् औषध शिरेच्या बाहेर गेलं. हे औषध बाहेर गेलं की मांस जाळते म्हणे. आधी काऊन नाई सांगितलं? सिस्टर म्हणे, दहा वेळा सांगितलं काकू, तुम्ही ऐकता कुठी.
डॉक्टर म्हणे डावा हात गेला कामातून. आता उजवाच. दर मंगळवारी एक बाटली, अजून सहा. त्याच्यानं छातीतली गाठ लहान झाली तर आपरेशन. उजवा हातही जाळला तर इथी काही होत नाई. नागपूरले जा, नाई तं घरी.
दोन तास दगडासारखं पडाचं. मी जन्मात दोन तास पडली नाई. बाळंतपणातही नाई.

८ फेब्रु.
विहारातले गुरुजी आले. रिटायर मास्तर. शनिवार-बुधवार वार्डात फिरते. जयभीम केला, स्टूल ओढलं. म्हणे, बाई, डोळे मिटा, श्वास पाहा.
म्हणलं, श्वास काय दिसते काय?
म्हणे, नाकाच्या शेंड्यावर लक्ष ठेवा. आला, गेला. बाकी काही कराचं नाई.
काही न करनं, तेच तं होत नाई मले!
बाजूच्या खाटेवरची मैनीबाई मिनिटभरात घोरू लागली. एटापल्लीच्याही पलीकडची गोंडीन म्हातारी, पोटात गाठ आहे तिच्या. गुरुजी म्हणे, त्यांचं बरं चाललं. मले हसू आलं.
म्हणे, रोज दोन ओळी लिहा, मन कुठी गेलं ते. लिहूनच राह्यली. चवथीपर्यंतचे अक्षर. पोरीची, नंदाची जुनी वही, मागून सुरू केली.

९ फेब्रु.
बसली. मन गेलं: बकरी, नंदाचं लग्न, नंदाच्या बापानं भात करपवला असन, खिडकीची कडी, परत बकरी.
श्वास कुठीच नाई.

१० फेब्रु.
आज जमलं! मोजले. एक श्वास एक पान. सत्तर पानं झाली का तेंदूचा एक पुडा. बावीस वर्षं पुडे बांधले, हे मोजनं मले कोणी शिकवाले नको. दहा पुडे झाले अन् घंटा होऊन गेला, समजलंच नाई.
गुरुजी म्हणले होते मोजू नका, नुसतं पाहा. त्याहीले सांगाचं नाई.

११ फेब्रु., मंगळ.
बाटली लागली. उजव्या हातात. डोळे मिटले. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर,
अन् हात आपल्या आपनच उठला. पुडा बांधाले.
सत्तर झाले का बोटं दोराकडे जाते. फळीवर, तेंदू खरेदीच्या जागी, पानं मोजता मोजता बोलो, भांडो, बोटं चुकत नाई. इथीही नाई चुकली.
सिस्टर धावली, नळी दाबली. थोडंच गेलं बाहेर. मनगटावर लाल चट्टा, बोराएवढा. बाटली फेकली.
डॉक्टर: बाई, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?
काय सांगू, पुडा बांधत होती म्हणून?

१२ फेब्रु.
गुरुजीले सांगितलंच. रागावन म्हणलं. नाई. विचारलं, पुडा बांधते कसा? चादरीचा दोरा काढून दाखवला. दोन वेढे, पीळ, ओढ.
म्हणे, मग मोजूच नका.
म्हणलं, मोजल्याबिगर मी पडूच शकत नाई. तुमचं नुसतं पाहनं तुमच्यापाशी ठेवा.
जास्तच बोलली. गुरुजी उठले, खिडकीजवळ गेले. म्हणे, माझी मंडळी ह्याच वार्डात होती. सात नंबरवर. मी बाजूले बसून घड्याळ पाहात होतो, बाई. तिच्याकडे पाहिलंच नाई.
सात नंबर माझाच आहे.

१४ फेब्रु.
मैनीबाईनं सारं ऐकलं होतं. झोपेचं सोंग घेते बुढी.
म्हणे, तू मोज. मी बांधतो.
म्हणलं, म्हणजे?
म्हणे, फळीवर एकटी बांधते काय कोणी? एकीनं मोजाचं, एकीनं बांधाचं. सत्तरले हां म्हण.
हातावर चमचा ठेवून करून पाहिलं. चार वेळा खाली पडला. मैनी म्हणे, तुह्या हाताले माह्यावर भरोसा नाई. पाचव्या वेळी चमचा राह्यला.

१८ फेब्रु., मंगळ.
पूर्ण बाटली गेली. पूर्ण!
मैनी स्टुलावर, मांडीवर दोरा. मी हां म्हणलं का ती बांधे. बोटं थोडी थरथरली दरवेळी, पण उठली नाई. एकवीस पुडे. मधात सिस्टर म्हणे, काय हां हां लावलं? मैनी म्हणे, चूप, फळी चालू आहे.
डॉक्टरनं हात पाहिला. पुढच्या खाटेकडे गेला. म्हणजे बरं.

२१ फेब्रु.
मैनी उठत नाई. जेवली नाई. दुपारी तिच्याजवळ बसून तिचे श्वास मोजले. एकतिसावर थांबला. माहा पण थांबला. मग तिचा चालू झाला.
आज खरंच नुसतं पाहिलं. गुरुजी म्हणते तसं. हात कुठी होते आठवत नाई.

२३ फेब्रु.
मैनीचा पोरगा आला, नेलं. डॉक्टरनं अडवलं नाई, त्याच्यावरून समजलं.
जाता जाता म्हणे, मोहफूल पडाले लागन आता, इथी काय करू.
म्हणलं, मंगळवारी कोण बांधन?
म्हणे, तुह्या हाताले सांग, मैनी बांधून राह्यली.
मस्त सांगते. हात ऐकते काय. मी माह्या बापाचं नाई ऐकलं, माहा हात माहं ऐकन?

२४ फेब्रु.
एकटीनं चमचा ठेवून पाहिला. तीनदा पडला. एकदा राह्यला, पण तवा मोजताना मधात चुकली होती मी.

२५ फेब्रु., मंगळ.
गुरुजी आज वार नसून आले. म्हणे, मी बांधतो. दोरा दिला. बांधला, पण ढिला. म्हणलं, सारी पानं गळून जातीन गुरुजी, फळीवर मुनशी फेकून देईन असा पुडा. परत बांधला. परत ढिला. साठीचा मास्तर, घामानं डबडबला. म्हणे, बाई, आणखी एकदा दाखवा.
दाखवला. थोडा बरा.
घड्याळ काढून खिशात ठेवलं त्याहीनं. मले दिसलं.
सिस्टर बाटली घेऊन आली. उजवा हात मागून राह्यली. म्हणलं थांब बाई, एवढी ओळ होऊ दे. डाव्यानं लिहिता येत नाई, म्हणून दोन तास काही लिहिनं नाई.
सत्तरले हां म्हणीन. मग हात