पाचव्यांदा दुसरी आल्याबद्दल

आदरणीय कुनिझोमामा,

होनामीचा कमरेतून वाकून नमस्कार. (हल्ली मी पंचेचाळीस अंशांत वाकते. का, ते पुढे कळेलच.)

तुमच्याकडे डोंगरात पहिला बर्फ पडला म्हणे. खांदा कसा आहे? फुसामामींनी पर्सिमनची फळं सुकत टाकली, की यंदाही टांगायच्या आधीच तुम्ही निम्मी फस्त केलीत? मी इकडे मजेत आहे. वजन एकसष्ट किलो, म्हणजे अखेर माणसांत आले. (सत्तावन्न किलोच्या गटात टिकायचं म्हणजे चौदा वर्षं भाताकडे परपुरुषासारखं बघायचं.) ज्युदोचा विचारही मनात येत नाही. येत्या वीस तारखेला कंपनी माझा ज्युदोतून निवृत्तीचा समारंभ करते आहे. निवृत्त व्हायचंय का, हे मला कुणी विचारलेलं नाही, पण जेवण चांगलं असणार आहे असं कळतं.

स्पर्धेचा निकाल तुम्ही पेपरात वाचलाच असेल. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत मी पाचव्यांदा हरले. आपल्याकडची गंमत बघा, तिसरी आलेली पोरगी शेवटची लढत जिंकून हसत घरी येते आणि दुसरी आलेली हरून येते, त्यामुळे तिच्या घरी लोक सुतकात आल्यासारखे दबकत येतात. अर्ध्या गुणानं मी पुढे होते. वीस सेकंद उरले होते. आमचे कोच ‘अंग चोर, अंग चोर’ म्हणून घसा फोडत होते. (माझ्या खेळाबद्दल त्यांचं एकंदर तत्त्वज्ञान एवढंच आहे.) आणि मी डाव टाकायला गेले. समोरची बावीस वर्षांची. तिनं माझाच डाव माझ्यावर उलटवला आणि मी छताचे दिवे बघत चितपट.

आता कंपनीची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. कागदोपत्री मी ‘पॅकिंग विभाग, सहायक’. नऊ वर्षांत मी मुळ्याच्या लोणच्याचं एक पाकीट भरलेलं नाही, मी फक्त आपटते आणि आपटले जाते. जिंकले तर कंपनी जिंकली, हरले तर मी हरले. आणि हरलं की गावात घरोघरी जाऊन क्षमा मागायची. नगराध्यक्ष, शाळा, देवळाचे पुजारी, अग्निशमन दल, तोफूवाल्या हात्सुएकाकू, अशी सतरा ठिकाणं. आमचे कर्मचारी विभागाचे नुमासावासाहेब (ज्यांनी आयुष्यात चेंडूसुद्धा फेकलेला नाही) यांनी मला क्षमा मागायची तालीम दिली. वाकायचं, मनात तीन आकडे मोजायचे, मग उठायचं. मी दोनालाच उठते, यात त्यांना माझा पश्चात्ताप कमी वाटतो. पाठ करायला वाक्यही दिलं: “आजवर आपण माझ्यावर माया केलीत. माझ्या हातून जे घडलं, त्याची क्षमा असावी.”

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. घोटाळा खोक्यांनी केला. मी यंदा जिंकणारच अशा भरवशावर कंपनीच्या अध्यक्षसाहेबांनी गावात वाटायला गोड पुरणाच्या मिठाईची वीस खोकी आधीच मागवून ठेवली होती. वर आनंदाच्या प्रसंगाची लाल-पांढरी दोरी, तिला फुलपाखरी गाठ. दुकानदार परत घेईना. मग नुमासावासाहेबांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आले ते लाल डोळ्यांनी. म्हणाले, “फुलपाखरी गाठ ओढली की सुटते, ओनोझुकाबाई. म्हणजे हा प्रसंग पुन्हा पुन्हा येवो. पराभवाला ती कशी चालेल? पक्की गाठ मारू. न सुटणारी. असं पुन्हा कधी न होवो!” आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत त्यांनी सगळी खोकी पॅकिंग विभागात धाडली. दुपारभर निम्मा पॅकिंग विभाग गाठी सोडून पुन्हा बांधत बसला होता आणि एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की लाल-पांढऱ्या दोरीला न सुटणारी गाठ आपण कशाला मारतो. लग्नाला, मामा, लग्नाला!

तर मी काळा कोट घालून, हातात लग्नाचं खोकं घेऊन, दारोदार वाकते आहे आणि म्हणते आहे, आजवर माया केलीत, माझ्या हातून जे घडलं त्याची क्षमा असावी. नगराध्यक्षांनी आधी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “अगं, उशिरा का होईना!” पुजाऱ्यांनी तारीख विचारली. हात्सुएकाकूंनी मात्र ‘जे घडलं’ एवढंच नेमकं ऐकलं, माझ्या नव्या चार किलोंकडे नीट बघितलं आणि मला खुर्चीवर बसवून उकळी आणलेलं सोयाचं दूध पाजलं. “क्षमा कसली मागतेस, वेडे. होतं असं. तो मुलगा चांगला आहे ना?” मी म्हटलं, काकू, मुलगी होती, बावीस वर्षांची, आणि तिनं मला आपटलं. काकूंनी दुधाचा आणखी एक पेला भरला.

संध्याकाळपर्यंत बातमी अध्यक्षसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी मला बोलावलं, डोळे पुसले, म्हणाले, “पोरी, मला आधी सांगायचंस. एकतीस वर्षांची झालीस, कधीतरी थांबायला हवंच.” मी खरं काय ते सांगितलं, मामा, अगदी हात जोडून सांगितलं. ते म्हणाले, बरं, लग्न नसेल तर नसू दे, पण समारंभाचा हॉल बुक झालाय. म्हणजे नवरा रद्द झाला, निवृत्ती तेवढी कायम राहिली. मंडळींना त्यानं किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पाच वेळा दुसरी आलेल्या बाईचं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं, ते एका दोरीनं सोडवलं. नुमासावासाहेबांना बढती मिळते आहे.

असो. थंडीत प्रकृती सांभाळा. मामींना आठवण सांगा.

तुमची भाची,
होनामी

ता. क. – सोबत एक अर्ज आहे. राष्ट्रीय संघाच्या निवडीची शेवटची स्पर्धा फेब्रुवारीत आहे. कंपनी माझं नाव पाठवणार नाही, पण नोंदलेल्या कुठल्याही तालमीच्या प्रमुखाचा शिक्का चालतो, आणि तुमची तालीम अजून नोंदलेली आहे, मी खात्री करून घेतली. शिक्का कुठल्या खणात आहे ते मामींना माहीत आहे. अर्ज पुढच्या शुक्रवारपर्यंत पोचायला हवा. ज्युदोचा विचार येत नाही, हे वरचं वाक्य खोडून वाचावं.

ता. क. २ – मामींचा फोन आला होता. समारंभात पहिलं भाषण तुमचं आहे, सात पानं लिहून झालीत आणि चौथ्या पानावर तुम्ही रडता, असं कळलं. मला न विचारता तुम्हीही हो म्हणालात, मामा. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही. याचं वाटलं.

ता. क. ३ – मी संपले, असं तुम्हालाही वाटत असेल तर शिक्का मारू नका. पण ते माइकवरून सांगू नका आणि पत्रानंही कळवू नका. रविवारी सकाळी सहाला मी तालमीत येते आहे. माझी कॉलर धरा आणि तोंडावर सांगा. सतरा दारी वाकले, डोळ्यांत टिपूस आलं नाही. तुम्ही म्हणालात तर मात्र रडेन. आणि रडून झालं की तुम्हाला आपटेन.