बदाम खाल्ले म्हणून

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

मुलगा झाला, तोही तुझ्या नाकाचा! बिचाऱ्याने काय पाप केलं होतं? रविवारच्या बसने येते आहे. बाळाला घेऊन इतके मुके घेणार आहे की तुझी बायको मोजता मोजता दमेल.

तुझ्या राणीसरकारांचा निरोप मिळाला, ओठावर फोड असेल तर येऊ नका म्हणे. औषधाच्या दुकानात पूरक गोळ्यांच्या काउंटरवर माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि ही मला शिकवणार! अरे, माझा ओठ हीच माझ्या काउंटरची पाटी. गिऱ्हाईक आधी तो बघतं आणि मग बाटली उचलतं. लायसिन चालू, झिंक चालू; बदाम, शेंगदाणे, चॉकलेट बंद, कारण त्या फोडाला तेच मानवतं. कालपासून ओठ जरा चुणचुणतोय खरा, पण गोळ्या दुप्पट केल्यात. तरी फोड वर आलाच, तर लिपस्टिक कशासाठी आहे? तिला यातलं काही सांगू नकोस, उगाच साप म्हणून भुई धोपटेल.

बाळाला देऊन उरेल तेवढा लोभ मला ठेव.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर सुनं वाटतं. तू आणलेलं झबलं बाळाला दोन हात पुरून उरलं, त्यात तो नुसता हरवून गेला होता.

एक गोष्ट मनात सलते आहे. तू तोंड धुऊन बाहेर आलीस तेव्हा ओठाच्या कडेचे फोड मला दिसले होते. तुम्हा दोघींत ठिणगी पडायला नको म्हणून मी गप्प राहिलो. नंतर हिने विचारलं, तेव्हाही ताईचा ओठ साफ होता असंच सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवून ती निवांत झाली.

बाळ कालपासून झोपूनच असतं. दूध ओढत नाही, अंग कोमट लागतं. ही घाबरली आहे. मी म्हणतो, लहान बाळं झोपतातच. उद्या दवाखान्यात नेतो. तुझ्या अनुभवाने काय वाटतं ते उलट टपाली कळव.

मायेत अंतर नसावं.

धाकटा

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

बाळ गेलं.

आधी आकडी आली, मग डोळे उघडलेच नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओठावरच्या फोडांचाच विषाणू. मोठ्यांना नुसता चार दिवस छळतो, पण इतक्या कोवळ्या जिवाच्या मेंदूत शिरतो. मी विचारलं, गोळ्या चालू असतील तर? त्या म्हणाल्या, गोळ्यांनी तो दुसऱ्याला लागायचा थांबत नाही, ओठ नुसता चुणचुणत असला तरी लागतो. बाळाचा मुका कोणी घेतला होता, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हणालो, कोणीच नाही. ही तेव्हा खोलीत नव्हती.

अजून तिला काही सांगितलेलं नाही. रात्रंदिवस एकच विचारते, माझं काय चुकलं? काय सांगू, ते तूच सांग.

धाकटा

३ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

वाईट झालं. रडून घे आणि मग डोकं ठिकाणावर आण.

डॉक्टरांना कुणावर तरी बिल फाडायचंच असतं. माझ्या काउंटरवर ही गोष्ट कळली, तर माझ्या हातून साधी क जीवनसत्त्वाची गोळीसुद्धा कोणी घेणार नाही. आणि फोड तर तूही पाहिले होतेस. बायकोशी खोटं बोललास तो तू, मी नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझं काम मी हलकं केलं आहे. तिला काल सरळ लिहिलं, की दिवसभर बदाम आणि चॉकलेट खात बसली होतीस, मी डोळ्यांनी पाहिलं. तुझ्या अंगातल्या फोडाच्या विषाला तेच खाद्य मिळालं आणि ते दुधातून बाळाला गेलं. तिला कारण हवं होतं, मिळालं. आता तू फक्त मान हलव.

लोभ आहेच, तो राखायचा कसा ते तुझ्या हातात.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या त्या पत्राला उत्तर द्यायला इतके महिने लागले, त्याची क्षमा असावी. वाचून आधी तुमचा राग आला. मग यांना विचारलं, बदामांमुळेच का हो? यांनी मान खाली घालून हो म्हटलं. तुम्ही स्पष्ट लिहिलंत म्हणून कळलं तरी. इथे सगळे मला फुलासारखं जपत होते, आणि खरं कोणीच बोलत नव्हतं.

आता मला पुन्हा दिवस गेले आहेत. या खेपेला बदामाला हात लावलेला नाही. तुमच्या काउंटरवरची लायसिनची बाटली मला चालत असेल तर धाडा.

तुमचं नाव काढलं की हे उठून बाहेर जातात. मी त्यांना समजावलं, की बाळ माझ्या खाण्याने गेलं, त्यात बहिणीवर राग का? मागच्या वेळी त्या ओठाच्या निरोपाने मी तुमचा अपमान केला, तो मला पुसून टाकायचा आहे. बाळ झालं की लगेच या. पहिला मुका तुम्हीच घ्यायचा. यांना हे सांगितलं, तेव्हा म्हणाले, तुला हवं तसं कर.

मनात काही न ठेवता, पूर्वीसारखीच माया असू द्यावी.

आपली,
धाकट्याची बायको