औषधाच्या रकान्यात

माय, तुझा पत्र्याचा डबा काल मी रिकामा केला. लातूरच्या या भाड्याच्या खोलीत, मोरीत उपडा केला आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं. वास मात्र गेला नाही. असगंध म्हणजे अश्वगंधा, जटामांसी, थोडी तगर, सगळ्या तुझ्या जीव शांत करायच्या मुळ्या. तुझ्या पदराला यायचा तोच वास. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. आज काढणार आहे.

मुखेडला पुढे अप्पांचं किराणा दुकान आणि मागे तुझं स्वयंपाकघर. बाजाराच्या दिवशी मागच्या दाराशी बायका बसलेल्या असायच्या. कुणाच्या छातीत धडधड, कुणाला वाटायचं आता श्वास अडकतो. घरी सांगितलं तर सासू म्हणणार नाटकं करते, म्हणून तुझ्याकडे यायच्या. तू खलबत्त्यात कुटत कुटत एकेकीचं तासभर ऐकायचीस आणि मग पुडी बांधून द्यायचीस. पुडीवर कधी काही लिहिलेलं नसायचं. मी ज्वारीच्या पोत्यावर बसून रद्दीतले कागद वाचायची. सातवीनंतर माझी शाळा तीच. तू बायकांना दाखवायचीस, "ह्या पोरीला पुडीचा कागद पन वाचल्याबिगर सोडवत न्हाई, बघा." एकदा एकीने विचारलं, "काकू, मला शुगरच्या गोळ्या चालू हायत. डॉक्टरला सांगू का हे?" तू हसलीस. "आगं, औषध हाय का ते? मुळ्या हायत. सांगशील अन् फुकट शिव्या खाशील." सगळ्या हसल्या, मीही हसले. ती बाई पुन्हा बाजाराला दिसली नाही. मी विचारलं तर म्हणालीस, "बरी झाली असंल." आपण दोघींनी ते तिथेच सोडून दिलं.

तुझे जावई गेले तेव्हा लेक चार वर्षांची होती. तू नांदेडला येऊन महिनाभर राहिलीस. मी रडायला लागले की तू दुधाचा पेला पुढे करायचीस. त्यात काय आहे ते मला आठव्या दिवशी वासावरून कळलं. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती, ती तू तुझ्या हाताने द्यायचीस आणि वर हे दूध. एका दुपारी तू भाजी आणायला गेलीस, मी आतून कडी घालून आडवी झाले. लेक माझ्यासोबत आतच होती, दार बडवत राहिली, कडीला तिचा हात पोचत नव्हता. शेजाऱ्यांनी दार तोडलं तरी मी उठले नाही म्हणे. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "झोपली म्हणून वाचली माझी लेक." नंतर मी तुला विचारलं, मला न सांगता का दिलंस. तू माझ्यावरच ओरडलीस. "सांगितलं असतं तर घेतलं असतंस का? लोकं येऊन राहिले, अन् तू भिंतीला डोकं आपटून राहिलीस. माणसाला काही लाज पायजे का न्हाई?" त्या महिन्यातलं मला फारसं काही आठवत नाही. ह्यांचे कपडे कुणी नेले तेही नाही. बाजारच्या बायकांचं तू तासभर ऐकायचीस, माय. माझं पाच मिनिटंसुद्धा ऐकलं नाहीस.

आता तीच लेक इथे क्लासला आहे. डॉक्टर व्हायचं आहे तिला. निदान तिने व्हावं असं मला वाटतं. दर रविवारी टेस्ट. शनिवारपासून तिचे हात थरथरतात, खाल्लेलं पोटात टिकत नाही. एकदा पोळी लाटताना मागे येऊन उभी राहिली. "आई, लई भीती वाटून राहिली." मी लाटणं खाली ठेवलं नाही. कशाची भीती ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी असगंधाचं पाकीट आणलं, बाकीच्या मुळ्या कुटून त्यात मिसळल्या, तुझा डबा भरला. सकाळ-संध्याकाळ दुधातून. तिला सांगून दिलं, तुझ्या-माझ्यात फरक असेल तर तेवढाच. पंधरा दिवसांत हात थांबले, म्हणून मी मोठा चमचा घेतला. दुसऱ्या महिन्यात तिला जेवण नको झालं, अंगाला खाज सुटली आणि मग डोळे पिवळे झाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" मी म्हणाले, "काही नाही." तू म्हणाली असतीस तसंच, पटकन. दोन दिवस रक्त तपासत राहिले, काविळीचं कारण सापडेना. तिसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारलं, "चूर्ण, काढा, ताकदीचं काहीतरी?" लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तिला माहीत होतं. माझी फजिती होऊ नये म्हणून ती गप्प बसली होती. तेव्हा मी सांगितलं. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. बाई एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांना होत नाही, मावशी. पण काहींच्या लिव्हरला त्रास होतो. आम्हाला कळायला नको का?" मग केस पेपरवर, जिथे औषधं लिहितात त्या रकान्यात, त्यांनी लिहिलं: असगंध चूर्ण, तगर, जटामांसी, दोन महिने. समोर बसून मी ते उलटं वाचलं. आणि बाईंनी लेकीला विचारलं, "भीती कशाची वाटते गं?" लेक बोलायला लागली ती थांबेचना. मी उठून बाहेर बाकावर जाऊन बसले.

पूड बंद आहे, क्लासही बंद आहे. रक्तातले काविळीचे आकडे हळूहळू उतरताहेत, बरी होईल म्हणतात. तरी आठवड्याला रक्त देताना ती माझा हात धरत नाही, नर्सचा धरते. डबा फेकायचा होता, फेकला नाही. घासून उन्हात ठेवलाय. हे पत्र घडी करून त्यातच ठेवीन, तसंही तुला ते कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं.

एक राहिलं. पहिल्या दिवशी मी "काही नाही" म्हणाले त्याचं खापर मी वर तुझ्यावर फोडलंय. ते खरं नाही. असगंधाच्या पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, कावीळ दिसली तर बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. कुठलाही कागद वाचल्याबिगर मी सोडत नाही, हे तूच सांगायचीस. तुला वाचता येत नव्हतं, माय. मला येत होतं. बाईंनी विचारलं तेव्हा ते पाकीट माझ्या पिशवीत होतं.