उलटे वळवलेले वेल

एल बोल्सोन, ऑक्टोबर

ती. बोझेनाताईस दूरदेशीच्या धाकट्याचा नमस्कार.

आपल्या झातेत्सच्या मळ्यात, बिअरच्या हॉप्सचे वेल चढायचे त्या तारा वाऱ्याने गुणगुणायच्या, तो आवाज आज पहाटे कानात होता. मी ठीक आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालतं. जोडधंदा म्हणून माझ्या बायकोने, क्वेताने, आखलेला हॉप्सचा मळा, ती गेल्यावरही, मी लावलाच.

एक गंमत झाली. तिकडे कोंब तारेवर चढवायचे ते तिने; मी मागे उभा राहून शाळेतल्या कविता म्हणायचो. वाटलं, इथे पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात ऋतू उलटे, तर वेलही घड्याळाच्या उलट दिशेनेच वळत असतील. दोनशे वेल तसे गुंडाळले. दोन दिवसांत सगळे सुटून जमिनीवर!

शेजारीण एर्मिनिया म्हणाली, "अहो घड्याळवाले, वेलांनासुद्धा काटे कुठे फिरतात ते कळतं!"

खूप हसलो. मग क्वेताचे वेल चढवायचे हातमोजे मांडीवर घेऊन बसलो. आठवड्यात वेल चढले नाहीत तर यंदा पीक नाही, आणि तिचं एवढंच उरलंय.

तुझा गुडघा कसा आहे? आमची राद्का आईला पुरल्यापासून बापाशी बोलत नाही, म्हणून तिला कळवलं नाही.

थांब, दार वाजतंय.

ताई, राद्का आलीये! एर्मिनियाने वेलांचं कळवलं म्हणे. उंबऱ्यातूनच विचारतेय, "बाबा, आईचे हातमोजे कुठे आहेत?"

तुझा वोयतेख