सुई डाव्या मांडीला

विहीणबाई, तुमच्या लेकीच्या सासूचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? जिने चढू नका, प्रवास तर मुळीच नको. (तुमची लेक म्हणते, गुडघे महिन्यापूर्वीच बरे झाले. मला कोण सांगतंय!) पत्र तीच लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून सांगेन ते सगळं उतरवायचं, मनचं काही घालायचं नाही, असं कबूल करून घेतलंय.

तर मंगळवारी बाळाला लस टोचली. नर्सबाईंनी नीट समजावलं होतं: एक-दोन दिवस ताप येईल, टोचल्या जागी सूज येईल, किरकिर होईल, दूध पाजत राहा, ओल्या फडक्याची पट्टी ठेवा, चोळू नका. ('चोळू नका' म्हणताना माझ्याकडेच का पाहिलं, कोण जाणे.) संध्याकाळी अंग तापलं. मी पालथा हात कपाळाला लावून सांगितलं, ताप आहे. तुमच्या लेकीने काखेत ती काडी धरली, वाट पाहिली आणि जाहीर केलं, "ताप आहे." पाच पोरांचे ताप काढलेला हात माझा, मान मात्र काडीला. तेही गिळलं. मग तिने डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मोजून पाजलं आणि लगेच फोन लावला तुम्हाला. मी शेजारी उभी, चांगली धडधाकट!

खरं दुखणं पुढेच आहे. बाळ माझ्या खांद्यावर घसा फाडून रडत होतं. तासभर मी थोपटते आहे, फेऱ्या घालते आहे, कंबर कामातून गेली. तिने फोन त्याच्या कानाशी धरला, तुम्ही पलीकडून काहीतरी गुणगुणलात, आणि महाशय गप्प! माझा नुसता जळफळाट झाला. (जळफळाटच लिही, 'वाईट वाटलं' नको.)

म्हणून दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी कंबर कसली. मांडीवर लाल गाठ दिसली, तिच्यावर गार पट्टी ठेवली. वाळली की दुसरी. किरकिर कमी झाली. ती बाहेर येताच मी ऐटीत दाखवलं. तिने वाकून पाहिलं. "आई, सुई डाव्या मांडीला टोचली होती. इथे डास चावलाय." हसली नाही हो. हसली असती तर भांडता तरी आलं असतं. (मला मांडी कशी ठाऊक नव्हती, ते विचारू नका.)

ताप उतरला. बाळ आता माझी चष्म्याची दोरी चघळतंय.

ता.क. पुढच्या महिन्यात आणखी एक लस. टोचायच्या खोलीत आईबरोबर एकच माणूस सोडतात. मीच जाणार. तुम्ही गुडघे सांभाळा.

पुन्हा ता.क. लेक लिहायची थांबून माझ्याकडे बघते आहे, तेव्हा सांगूनच टाकते. गेल्या वेळी सुई पाहूनच मला घेरी आली. लस दिल्यावर बाळावर अर्धा तास लक्ष ठेवतात ना, त्यातलं निम्मं लक्ष माझ्यावर गेलं. पाणीही मलाच पाजलं. तर तुम्हीच या. आत तुम्ही धरा. पण बाहेर आणलंत की आधी माझ्याकडे द्यायचं. आणि ते गुणगुणणं मला शिकवून जायचं.

खाली चार ओळी माझ्या, आई. ये नक्की. तुझा फोन मी पाळण्यातल्या बाळाच्या कानाशीही धरून पाहिला होता; दुप्पट रडलं. गप्प होतं ते सासूबाईंच्या खांद्यावर असतानाच. हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. आलीस की तू सांग. तुझ्या तोंडून ऐकायला त्यांना जास्त आवडेल.