खोडलेलं ‘कदाचित’

९ जाने., अमरावती
आणि शेवटी ‘कदाचित’ही खोडलं. आधी होतं : ‘तुमच्या रक्तावरून पुढेमागे कदाचित नव्या औषधाचा शोध लागू शकेल.’ उरलं : ‘तुमच्या रक्तावरून नव्या औषधाचा शोध लागेल.’ रक्ततपासणीच्या संशोधनासाठीच्या संमतीपत्राचा अनुवाद संपला. वाक्य स्वच्छ. अकोल्याला, संशोधन करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

१७ जाने.
डॉक्टरांबरोबर तिवस्याकडे. झेंडूचा मळा, वच्छलाबाईंचं घर. दोन्ही मुलींना सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. थोरली शालू गुडघे धरून खाटेवर, उशाशी रोजच्या गोळ्या. धाकटी रेखा फुलं तोडत होती. आजार तोच, हिला त्रास जवळजवळ नाही.
डॉ. गाडीत म्हणाले होते, रेखाच्या जनुकांतलं काय तिला सांभाळतं ते सापडलं, तर नव्या औषधाने नेमकं कुठे काम करायचं ते कळेल. अशी शेकडो घरं लागतील. वर्षं लागतील.
घरात संमतीचं पत्रक मी वाचून दाखवलं. रेखाने हात पुढे केला. “घ्या, डबा भरून घ्या. माही ताई उठून उभी राह्यली पाह्यजे.”
शालू : “तुह्यावानी बडबडी नको होऊ देजो मले.”

६ मार्च
वच्छलाबाईंचा फोन. “सर, रेखीच्या रक्ताचं औषध आलं काय? शालू लय दुखून राहिली.”
गोळ्या?
“त्या कवाच्याच बंद केल्या. नवं येऊनच राहिलं, मंग दोन दोन कावून द्यायची?”
नव्या औषधाला वर्षं लागतील, तिला दवाखान्यात न्या म्हणालो. आत्ता.
“कागदात तं असं नव्हतं, सर.”

७ मार्च, अकोला
डॉ.ना खोडलेल्या ‘कदाचित’चं सांगितलं. म्हणाले, “मीही वाचलं होतं. चूक माझी.” क्षणभर त्यांना ती घेऊ दिली.
अनुवाद शिकवताना वर्गात मुलांना सांगतो, शब्द काढा. काढून बघा काय उरतं.

८ मार्च, अमरावती
शालू वॉर्डात. सलाईन. रेखा दाराशी.
“माह्या रक्तात काईच नाई निघालं?”
अजून माहीत नाही. कदाचित निघेल. ताईला आता उपयोग नाही.
“मंग तवाच कावून नाई सांगतलं?”
‘कदाचित’ परत घातलेलं नवं पत्रक दिलं. नको असेल तर सही करू नकोस, घेतलेलं रक्त टाकून देतील. तिने घडी केली, शालूच्या उशीखाली सरकवली.

९ मार्च
सकाळी गेलो. शालूने गोळी घेतली होती. कागद उशीखालीच. सही नव्हती.